नमंगाच्या अलीकडे आणि पलीकडे

नैरोबीहून दक्षिणेकडे निघालेला रस्ता कजियाडोची विस्तीर्ण माळराने ओलांडून नमंगा या गावी पोहोचतो. तेथे केनिया संपतो आणि टांझानिया सुरू होतो. पुढे तोच रस्ता आरुशाला जातो. सीमेच्या दोन्ही अंगांना मसाई गुराखी तेच, स्वाहिली भाषा तीच आणि चलनाचे नावही शिलिंगच. मात्र शिलिंगाची किंमत आणि तो मिळविण्यासाठी द्यावे लागणारे तास येथे बदलतात.

मराठी कानाला स्वाहिली फारशी परकी वाटत नाही. दुकानाला तेथे ‘दुका’ म्हणतात, हिशेबाला ‘हेसाबु’, लाखाला ‘लाकी’, विम्याला ‘बिमा’. पगाराला शब्द आहे ‘म्शाहारा’. आपल्या जुन्या दफ्तरांतील ‘मुशाहिरा’ त्याचाच सहोदर, कारण दोहोंचे मूळ अरबी आहे. वेळेची मोजणीही ओळखीची वाटते. आपल्याकडे पूर्वी घटका सूर्योदयापासून मोजीत. स्वाहिली घड्याळही दिवस उजाडल्यावरच सुरू होते. सकाळचे सात म्हणजे त्यांचा एक, आठ म्हणजे दोन आणि सायंकाळचे सहा म्हणजे बारा. विषुववृत्ताजवळच्या या प्रदेशात दिवस वर्षभर जवळजवळ सारखाच असतो, म्हणून ही मोजणी कधी फारशी चुकत नाही.

या बारा तासांपैकी किती तास धन्याचे, हे दोन्ही देशांत कायद्याने ठरविले आहे. केनियाच्या सर्वसाधारण वेतन आदेशानुसार सहा दिवसांच्या आठवड्यात ५२ तास काम घेता येते. टांझानियाच्या २००४ च्या कायद्याने ही मर्यादा दिवसाला ९ आणि आठवड्याला ४५ तास अशी घातली आहे. जादा कामाला दोन्हीकडे दीडपट दर आहे. वार्षिक पगारी रजा केनियात कामाचे २१ दिवस, म्हणजे सहा दिवसांच्या हिशेबाने साडेतीन आठवडे. टांझानियात सलग २८ दिवस, म्हणजे पूर्ण चार आठवडे. प्रसूतीची रजा एकीकडे तीन महिने, दुसरीकडे ८४ दिवस. नवजात अर्भकाच्या पित्याला मात्र केनियात दोन आठवडे मिळतात, टांझानियात किमान तीन दिवस.

आता दामाकडे वळावे. जानेवारी २०२३ मधील दर तुलनेस सोयीचे आहेत. त्या महिन्यात टांझानियाचा नवा वेतन आदेश अमलात आला आणि व्यापार-उद्योगातील कामगाराचे किमान मासिक वेतन १,५०,००० टांझानियन शिलिंग झाले. केनियात मे २०२२ पासून नैरोबी-मोंबासासारख्या मोठ्या शहरांतील साध्या मजुराचे किमान वेतन १५,२०१ केनियन शिलिंग होते. आकडा दहापट दिसला तरी फसू नये. तेव्हा एका केनियन शिलिंगाला सुमारे १९ टांझानियन शिलिंग मिळत. त्या भावाने टांझानियाचे वेतन ७,९०० केनियन शिलिंगांच्या आसपास येते, म्हणजे केनियाच्या निम्म्याहून किंचित अधिक.

परंतु व्यापारी माणूस भाव पाहताना मापही पाहतो. आठवड्याच्या ५२ तासांनी केनियात महिन्याचे सुमारे २२५ तास भरतात; टांझानियात ४५ तासांनी १९५. त्यामुळे केनियातील एका तासाचे मोल सुमारे ६७ केनियन शिलिंग, तर टांझानियातील तासाचे सुमारे ४० पडते. महिन्याच्या पगारात निम्मे वाटणारे अंतर तासाच्या हिशेबात कमी होऊन शेकडा साठाशी येते. केनियाच्या खात्यात आणखी एक रक्कम धरावी लागते. मालकाने राहण्याची जागा दिली नसेल, तर मूळ वेतनावर १५ टक्के घरभाडे द्यावे, असा तेथे नियम आहे. ते धरले की अंतर पुन्हा रुंदावते. पुढे दोन्ही देशांनी आपापले दर वाढविले. हिशेबाची रीत मात्र हीच राहते.

केनियाच्या वेतन आदेशातील सर्वांत खालच्या श्रेणीची यादी वाचण्याजोगी आहे. त्यात झाडूवाला, माळी, दिवसाचा पहारेकरी, घरगडी आणि मुलांची ‘आया’ असे सारे एकत्र येतात. आपल्या घरांतला हा शब्द तेथील सरकारी कागदात कायम झाला आहे. सर्वांना किमान वेतन एकच. टांझानियाने घरकामाचा दर निराळा ठेवला. त्याच २०२३ च्या आदेशात धन्याच्या घरी राहणाऱ्या सामान्य घरगड्याला महिन्याला ६०,००० शिलिंग, म्हणजे दुकानातील मदतनिसाच्या निम्म्याहूनही कमी. जेवणखाण आणि निवारा मिळतो, हे त्यामागचे गणित. पण घरातच राहणाऱ्याचा दिवस कोणत्या तासाला संपतो, हे घड्याळावरून सांगणे कठीण असते.

हालारातून गेलेल्या ओसवाल कुटुंबांनी विसाव्या शतकाच्या आरंभापासून या भूमीत दुकाने उघडली. आजची नैरोबीची बियाशारा स्ट्रीट पूर्वी बझार स्ट्रीट म्हणून ओळखली जाई. ‘बियाशारा’चा अर्थच व्यापार. गल्ल्यावर बसणारे हात आपल्या माणसांचे आणि माल उचलणारे हात तेथील माणसांचे, अशी घडी बसली. कामाच्या तासांचा प्रश्नही त्याच शहरात, एका भारतीयाच्याच तोंडून उमटला. मखन सिंग यांनी १९३५ पासून नैरोबीत कामगारांची संघटना बांधली आणि आठ तासांच्या दिवसाची मागणी मांडली. ती मागणी आशियाई ठेकेदारांपुढेही होती, हे विसरता येत नाही. १९५० मध्ये ब्रिटिश सरकारने त्यांना अटकेत टाकले. सुटका झाली ती १९६१ मध्ये.

आजही कायद्याची छाया सर्वांवर पडत नाही. केनियात रोजगार असलेल्या पाच माणसांपैकी चारांहून अधिक जण असंघटित क्षेत्रात आहेत. तेथे या क्षेत्राला ‘जुआ काली’, म्हणजे कडक ऊन, असे नाव आहे. कारण पत्रे ठोकणारे, लोखंड वाकविणारे हे कारागीर उघड्यावर काम करीत. दार-ए-सलामच्या करियाकू बाजारात हातावर माल घेऊन फिरणाऱ्या ‘मचिंगा’ विक्रेत्याची गतही तीच. त्याला ४५ तासांची मर्यादा नाही आणि रजाही नाही.

नैरोबीच्या औद्योगिक वसाहतीला लागूनच मुकुरूची झोपडवस्ती आहे. पहाटे तेथून कारखान्यांकडे माणसांची पायी रांग लागते. बसचे भाडे वाचले, तर तेवढेच पीठ अधिक येते. त्यांतील अनेक जण ‘किबारुआ’, म्हणजे रोजंदारीचे. केनियाच्या २००७ च्या कायद्याने त्यांच्यासाठी एक वाट ठेवली आहे: रोजंदारीचा माणूस सलग महिनाभर कामावर राहिला, तर त्याला मासिक कामगाराचे हक्क लागू होतात. म्हणून हजेरीच्या वहीला तेथे फार महत्त्व आहे. एकोणतिसाव्या दिवशी कोणाचे नाव गळले आणि एकतिसाव्या दिवशी पुन्हा नव्याने लिहिले गेले, हे त्या वहीतच दिसते. वही मालकाची असते आणि लेखणीही त्याच्याच हाती असते.