उष्णता वाहून नेणारे पाणी

संगणकाला पुरवलेली जवळजवळ सगळी वीज अखेरीस उष्णता होऊन बाहेर पडते, आणि खेळांसाठी बांधलेल्या तगड्या यंत्रात प्रोसेसर व पडद्यावरची दृश्ये घडवणारे ग्राफिक्स कार्ड मिळून, टपाल तिकिटाएवढ्या सिलिकॉनच्या चकत्यांतून खेळ चालू असताना ४०० वॅटांहून अधिक उष्णता उसळत असते. ती हवेच्या हवाली करायची, तर पंख्यांची घरघर सोसावी लागते. पाण्याच्या हवाली करायची, तर वीज आणि पाणी या जन्मवैऱ्यांना एकाच पेटीत नांदवावे लागते, आणि असे यंत्र पहिल्यांदाच बांधणाऱ्याचा हात थबकतो तो इथे.

पाण्याची ही निवड हौसेपुरती नाही. सारख्याच आकारमानाची हवा आणि पाणी घेतले, तर तापमान एका अंशाने वाढेपर्यंत पाणी हवेच्या सुमारे ३,५०० पट उष्णता पोटात घेते. आयबीएमने १९६० च्या दशकातच आपल्या काही महासंगणकांत पाणी खेळवले होते, आणि १९८५ चा क्रे-२ तर वीज न वाहणाऱ्या द्रवात अक्षरशः बुडवलेला होता. घरगुती हौशी मंडळींनी पुढे मोटारीच्या हीटरचा रेडिएटर आणि मत्स्यालयाचा पंप जोडून हीच विद्या आपल्या टेबलावर आणली.

रचना साधी असते. चकतीला बिलगून बसणारा, आत केसासारख्या बारीक खाचा कोरलेला तांब्याचा ठोकळा, म्हणजेच वॉटर ब्लॉक, उष्णता पाण्याला देतो. पंप ते पाणी नळ्यांतून रेडिएटरकडे ढकलतो. तिथल्या पातळ पत्र्यांवरून पंख्याचा वारा जातो आणि निवलेले पाणी पुन्हा फिरू लागते. मिनिटाला चार लिटर पाणी वाहत असेल, तर ४०० वॅट उष्णता घेऊनही एका फेरीत ते जेमतेम दीड अंशाने तापते, त्यामुळे पाणी आधी प्रोसेसरकडे न्यावे की आधी ग्राफिक्स कार्डाकडे, या नवख्याला छळणाऱ्या प्रश्नाला फारसे महत्त्व उरत नाही. धातूंच्या मेळाला मात्र फार महत्त्व आहे: तांबे आणि ॲल्युमिनियम एकाच पाण्यात आले की त्यांच्यात विद्युत-रासायनिक क्रिया सुरू होऊन ॲल्युमिनियम झिजू लागते.

विदर्भातल्या वाचकाला इथे माठ आठवेल, पण साम्य पाण्यापाशीच संपते. माठाच्या अंगातून पाझरणारे पाणी वाफ होताना उष्णता घेऊन जाते आणि आतले पाणी भोवतालच्या हवेपेक्षाही गार करते. संगणकातले पाणी बंद वाटेने फिरते, पाझरणे हा तर त्याचा अपराधच, म्हणून ते खोलीतल्या हवेपेक्षा कधीही गार होऊ शकत नाही.

सर्वांत सुंदर घटका पाणी भरण्याची. पाणी ज्यात ओततात ती टाकी पंपाच्या वर ठेवलेली असते, कारण आपल्याच पाण्याने थंड आणि वंगणयुक्त राहणारा पंप कोरडा फिरला तर खराब होतो. इतर सर्व भागांची वीज तोडून केवळ पंपापुरती ठेवलेली असते, आणि क्षार काढलेले, ऊर्ध्वपातित पाणी पारदर्शक नळीतून पहिल्यांदा पुढे सरकते, अडखळते, बुडबुड्यांची माळ ओढत वळणावर चढते. पेटी हलकेच कलती केली की रेडिएटरात दडलेली हवा खळखळत टाकीकडे येते. प्रत्येक जोडाखाली टिश्यू कागद अंथरून पुढचे २४ तास पंप तसाच चालू ठेवतात. या अवधीत करण्यासारखे काही नसते, आणि तरी बांधणारा रात्री उठून दिवा लावतो, कागदावर बोट फिरवतो, प्रत्येक जोड पुन्हा एकदा न्याहाळतो.

सकाळी कागद कोरडा निघाला की मदरबोर्डाला वीज जोडली जाते. खेळ सुरू होतो; पाणी अर्धा-पाऊण तास सावकाश तापत राहते, आणि जितकी उष्णता येते तितकीच रेडिएटर सोडू लागला की एका ठरावीक तापमानावर येऊन थांबते. बुडबुडे एव्हाना विरलेले असतात, आणि नळीतले पाणी वाहत असूनही डोळ्यांना निश्चल दिसते.