वळिवड्याचा थांबा

"सर, हिटलर म्हंजे शिस्त. आपल्याकडं तसाच एक पायजे."

नववीच्या वर्गात एका पोरानं हे म्हटलं तेव्हा कुणी हसलं नाही. उलट दोन-चार माना डोलल्या. मला नवल वाटलं नाही. हिटलरच्या आत्मचरित्राचं मराठी भाषांतर आमच्याकडं स्पर्धा परीक्षेच्या गाइडांशेजारी मांडलेलं असतं, आणि घेणाराही ती गाइडं घेणाऱ्याच वयाचा.

मी फळ्यावर साठ लाख हा आकडा लिहिला. एवढे ज्यू मारले, म्हटलं. आकडा फळ्यावरच राहिला. साठ लाख म्हटलं की पोरांच्या डोळ्यांसमोर रुपये येतात, माणसं येत नाहीत. मग मास्तर लोक करतात तेच मी केलं, जवळचं उदाहरण शोधलं. "हिटलरच्या तावडीतून सुटलेली पाच हजार माणसं आपल्या वळिवड्यात येऊन राहिली होती," मी ठोकून दिलं. कोल्हापूरजवळचं वळिवडे, मिरजेहून गाडीनं तासाभराच्या वाटेवर. वर्ग ताठ बसला. तास छान झाला असं वाटून मी खुशीत घरी गेलो.

चार दिवसांनी पुढच्या तासाची तयारी करायला वाचायला बसलो आणि कळलं, आपण चूक शिकवलं.

१ सप्टेंबर १९३९ ला हिटलर पोलंडमध्ये पश्चिमेकडून घुसला, हे मला पाठ होतं. १७ सप्टेंबरला पूर्वेकडून स्टालिन घुसला, हे मी कधी वर्गात सांगितलंच नव्हतं. वळिवड्याला आलेली माणसं त्या पूर्वेकडची. १९४० आणि ४१ मध्ये सोव्हिएत पोलिसांनी त्यांना मालगाडीच्या डब्यांत कोंबून सायबेरिया, कझाकस्तानला नेलं होतं. पुढं हिटलरनं रशियावरच चाल केली, स्टालिनला पोलिश सैनिकांची गरज पडली, तेव्हा त्यांची सुटका झाली. जनरल अँडर्सच्या पोलिश फौजेमागोमाग बायका, पोरं, म्हातारी १९४२ साली इराणात उतरली आणि तिथून हिंदुस्थानात आली. बहुतेक सगळे कॅथलिक. वळिवड्याची छावणी १९४३ पासून १९४८ पर्यंत होती. शाळा, चर्च, दवाखाना, बालवीरांची पथकं, सगळं तिथं होतं. क्षयाचे आणि अशक्त रुग्ण हवा मानवावी म्हणून पाचगणीला. पण ही माणसं हिटलरच्या छळछावण्यांतून वाचलेली नव्हती.

पुढच्या तासाला मी फळ्यावर माझंच वाक्य लिहिलं आणि त्यावर काट मारली. मास्तर चुकल्याचा पोरांना झालेला आनंद मी वर्णन करत नाही. त्या गोंधळात मागच्या बाकावरच्या मुलीनं विचारलं, "मग सर, ज्यू कुठं गेले?"

हा प्रश्न माझ्या पहिल्या तासाला कुणी विचारला नव्हता, कारण मी तो विचारू दिलाच नव्हता. युद्धाआधी पोलंडमध्ये तेहतीस लाखांच्या आसपास ज्यू होते. त्यांतले सुमारे तीस लाख मारले गेले. वळिवड्यापर्यंत पोचायला माणूस जिवंत लागतो.

जर्मनी-ऑस्ट्रियातून जीव घेऊन निघालेले थोडे ज्यू मात्र आपल्याकडं पोचले, बरेचसे मुंबईत. युद्ध सुरू झालं आणि ब्रिटिशांनी त्यांचे पासपोर्ट पाहिले. जर्मन? म्हणजे शत्रू. हिटलरनं ज्यू म्हणून हाकललेल्यांतल्या अनेकांना इथं जर्मन म्हणून नजरकैदेत टाकलं. अशा नागरिकांना ठेवण्याच्या जागांपैकी एक पुरंदरावर होती आणि एक साताऱ्यात. माझं बालपण साताऱ्यातच, अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याशी गेलं. प्रत्येक बुरुजाची गोष्ट मला सांगितली गेली. ही गोष्ट कुणी सांगितली नाही.

सहलीला परवानगी, पालकांची संमतीपत्रं, यांत महिना गेला. मग पॅसेंजरनं निघालो. जयसिंगपूर, हातकणंगले, रुकडी, पंचगंगेचा पूल, मग वळिवडे. कोल्हापूरला रेल्वेनं जायचं तर मिरजेवाचून वाट नाही, तेव्हा छावणीतली पोलिश पोरंही याच वाटेनं गेली असणार, एवढं सांगून मी गप्प बसलो. खिडकीतल्या दोघांचा भेळीवरून दंगा चालू होता.

वळिवड्याला उतरून गांधीनगरच्या कापडपेठेतून चालताना एकजण म्हणाली, "सर, ताईच्या लग्नाचा बस्ता इथंच बांधलाय." सांगली-मिरजेची निम्मी लग्नं इथल्या कापडावर लागतात. पण पोलिश लोक गेल्यावर त्याच छावणीत फाळणीत घरदार गेलेले सिंधी येऊन राहिले आणि त्यातून ही पेठ उभी राहिली, हे बस्ता बांधणाऱ्याला कुठं ठाऊक असतं? एका वयस्कर दुकानदारानं पोरांना पाणी दिलं. अस्सल कोल्हापुरीत म्हणाला, "आमच्याआधी हितं गोरी लोकं हुती. आमचा बा सांगायचा." एवढंच. त्याला गिऱ्हाईक आलं.

परतीच्या गाडीत कोयनेच्या धरणग्रस्त वसाहतीतल्या एकानं विचारलं, "म्हंजे आमचं आजोबा पण त्येंच्यासारखंच?" मी नाही म्हटलं. त्याच्या आजोबांचं गाव पाण्याखाली गेलं, सिंध्यांचं सीमेपलीकडं राहिलं, पोलिशांचं स्टालिननं घेतलं आणि युद्धानंतर ते सोव्हिएत संघातच गेलं, म्हणून वळिवड्यातले बरेचजण मायदेशी न जाता इंग्लंड, ऑस्ट्रेलिया, कॅनडाकडं पांगले. आणि ज्यूंची तर माणसंच संपवायचं ठरलं होतं. सगळ्यांना एका पिशवीत घातलं की कुणाचंच काही कळत नाही. मी तेच केलं होतं.

शिस्तवाल्या पोराचं मत बदललं का, मी विचारलं नाही. त्याच्या वहीत सहलीबद्दल चार ओळी होत्या, त्यांत दोन भेळीवर. तिसरी अशी: एवढ्या लांबून आले तर पोरं किती लहान असतील.

१९४३ साली दहा वर्षांचं असलेलं माणूस आज नव्वदीच्या पुढं आहे. तुमच्या घरात वळिवड्याला दूध घालायला, भाजी विकायला गेलेलं कुणी असेल, पाचगणीत त्या लोकांना पाहिलेलं कुणी असेल, तर दिवाळीची वाट पाहू नका. या रविवारी जाऊन बसा आणि लिहून घ्या.