दाट तेल

स्वयंपाकघरांतील तेलाविषयीं आमचें मत आजवर कोणीं विचारलें नाहीं, आणि विचारलें असतें तरी तें मानलें जाण्याचा संभव नव्हता. परंतु गाडीच्या गिअरबॉक्समध्यें कोणतें तेल घालावें या प्रश्नानें गेल्या मे महिन्यांत आमचे तीन आठवडे खाल्ले. इंग्रजी काव्य शिकविणाऱ्या गृहस्थानें असल्या काळ्या कामांत हात घालावा हें आमच्या कुटुंबास पसंत नाहीं. काव्यानें निदान सदऱ्याला डाग पडत नाहींत, असें तिचें म्हणणें आहे.

आमची ही जीप चारही चाकांना जोर पुरविणारी आहे. गगनबावड्याच्या अलीकडे आमची थोडी वडिलार्जित शेती आहे, आणि पावसाळ्यांत तेथवरचा शेवटचा रस्ता म्हणजे तांबडा चिखल आणि एक ओढा. नुसत्या मागच्या चाकांच्या भरंवशावर तेथें जाणें होत नाहीं. वीस वर्षांत गाडीच्या आकड्यानें २,४०,००० किलोमीटर ओलांडले. आतां क्लच दाबतांना आमचे गुडघे कुरकुर करूं लागले, आणि दुसऱ्या गिअरमध्यें जातांना गाडी. तेव्हां दोघांपैकीं जें विकण्याजोगें होतें तें विकावयाचें ठरलें. गिऱ्हाईकही ओळखीचेंच मिळालें: शेजारच्या शेताचा तरुण मालक, एके काळचा आमचा विद्यार्थी.

गाडीला खोडी दोन. दुसरा गिअर पडतांना ती करकरे, आणि चढावर गिअरबॉक्समधून एक बारीक रडका सूर निघे. आमच्या मिस्त्रींनीं कान लावून ऐकलें आणि तोडगा सांगितला, "सर, एकशेचाळीस नंबर भरूया. आवाज गप. गिऱ्हाइकाला काय बी कळायचं न्हाई." माणूस लबाड नाहीं. जुन्या गाडीला दाट तेल ही त्याच्या धंद्यांतली रूढीच आहे, आणि तिच्यांत तथ्यही आहे. झिजलेल्या बेअरिंगांतील पोकळी दाट तेल भरून काढतें, जुन्या सीलांतून तें सावकाश गळतें, आणि दांत्यांचा आवाज त्यांत बुडून जातो. जें सारेच करतात तें फसवणूक कसें, असा युक्तिवाद आम्हीं मनाशीं दोन रात्री केला. तो आम्हांस बराच पटलाही होता.

डब्यावरील आकड्यांची गंमत अशी कीं, ते शिकलेल्या माणसालाच अधिक फसवितात. '७५ डब्ल्यू ९०' यांतील डब्ल्यू हें इंग्रजी हिवाळ्याचें आद्याक्षर. पहिला आकडा तेल थंडींत कितपत वाहतें तें सांगतो. दुसरा, १०० अंश सेल्सिअसला तें किती दाट राहतें तें. इंजिनाच्या तेलावर ४० असतें, म्हणून गिअरचें ९० त्याच्या दुप्पट दाट, असें आम्ही कित्येक वर्षें समजत होतों. दोन्हीं मापपट्ट्या निराळ्या आहेत. गिअरचें ९० हें इंजिनाच्या ४० ते ५० च्या आसपासच येतें. १४० मात्र खरोखर दाट. डिसेंबरांत पहाटे घाटमाथ्यावर तें काकवीसारखें होतें आणि गिअरची दांडी हलतां हलत नाहीं. शिवाय दुसऱ्या गिअरची करकर त्यानें बरी होत नाहीं ती नाहींच.

ती करकर कोठून आली हें सांगणें आम्हांस भाग आहे. दाटपणाखेरीज गिअरच्या तेलावर 'जी. एल.' या अक्षरांपुढें आणखी एक आकडा असतो. बारा वर्षांपूर्वीं आम्हीं गाडीच्या पुस्तिकेंतील जी. एल. ४ सोडून गिअरबॉक्समध्यें हौसेनें जी. एल. ५ भरलें. उभा जन्म उत्तरपत्रिकांना गुण देण्यांत गेलेल्या माणसास चारांपेक्षां पांच श्रेष्ठ वाटले, यांत नवल नाहीं. परंतु ते गुण नव्हेत. कामेंच निराळीं आहेत. डिफरन्शिअलमधील हायपॉइड गिअर एकमेकांवर नुसते फिरत नाहींत, प्रचंड दाबाखालीं घसरतात. १९२० नंतरच्या दशकांत ते मोटारींत आले तेव्हां साधें तेल त्या दाबापुढें टिकेना. म्हणून तेलांत गंधकाचीं संयुगें आलीं. गंधक पोलादावर पातळ थर धरतें आणि दांता दांत्याला चिकटत नाहीं. एके काळीं या कामासाठीं देवमाशाच्या तेलांत गंधक मुरवीत. १९७० सालीं अमेरिकेनें त्या देवमाशास नामशेष होऊं घातलेल्या प्राण्यांच्या यादींत घातलें, तेव्हां तेलवाल्यांना दुसरी वाट शोधावी लागली. मेल्व्हिलचा देवमासा आम्हीं वर्गांत अनेकदां मारला. तो गाडीखालीं भेटेल अशी कल्पना नव्हती.

गिअरबॉक्समध्यें मात्र पितळी कडीं असतात. गिअर बदलतांना तीं घासून दोन चाकांचा वेग सारखा करतात. त्यांना घर्षणच हवें असतें. जी. एल. ५ चा निसरडेपणा तें घर्षण कमी करतो, आणि तेल तापलें म्हणजे त्यांतील गंधक पितळेला खाऊंही शकतें. सर्वच डबे असे नसतात. कांहींवर पितळेस अपाय होणार नाहीं असें स्पष्ट छापलेलें असतें. आमच्या डब्यावर तसें नव्हतें, आणि असतें तरी आम्हीं वाचलें नसतें.

एका रविवारीं जुनें तेल काढलें. येथें मिस्त्रींचा एक नियम वाचकांनीं ध्यानांत ठेवावा: आधीं तेल भरण्याचा वरचा बोल्ट सैल करावा, मगच खालचा उघडावा. तेल सांडून गेलें आणि वरचा गंजून बसलेला निघाला, तर गाडी जागच्या जागीं. खालच्या बोल्टाच्या लोहचुंबकावर करडा चिखल होता. तेवढा या वयांत असावयाचाच. पण परातींतील तेल उन्हांत धरलें तेव्हां त्यांत सोनेरी चमक दिसली. तीं आमचीं पितळी कडीं होतीं. मागच्या डिफरन्शिअलमधून तर दुधाच्या चहासारखें कांहीं बाहेर आलें. तापलेला अॅक्सल ओढ्याच्या गार पाण्यांत शिरला कीं आंतली हवा आकसते. वर हवेसाठीं ठेवलेला ब्रीदर मातीनें बुजलेला असेल तर ती सीलाजवळून पाणी ओढून घेते. इतकी वर्षें आम्ही ओढा ओलांडीत होतों, आणि अॅक्सल तो थोडाथोडा पीत होता.

रात्रीं हें सारें आम्हीं घरांत सांगितलें. कुटुंबानें एवढेंच विचारलें, "तें दाट तेल घातलंत, तर त्या मुलाला कधीं कळेल?"

"डिसेंबरांत."

"मग जानेवारींत तो आपल्याकडे तिळगूळ घ्यायला येईल का?"

दुसऱ्या दिवशीं गिअरबॉक्समध्यें आणि चारही चाकांना जोर वांटणाऱ्या पेटींत पुस्तिकेप्रमाणें ७५ डब्ल्यू ९०, जी. एल. ४ भरलें, दोन्हीं डिफरन्शिअलना ८० डब्ल्यू ९०, जी. एल. ५. मिस्त्रींनीं हात पुसतां पुसतां आमच्याकडे दयेनें पाहिलें.

तरुण आला आणि गाडी घाटापर्यंत फिरवून परतला. "सर, दुसरा गिअर करकरतोय."

"करकरतो. तो आमच्या हातून बिघडला." आम्हीं पितळी कड्यांची हकीकत सांगितली. रडका सूर बेअरिंगांचा आहे, हेंही सांगितलें. त्यानें थोडा हिशेब केला आणि ठरल्या किंमतींतून ३५,००० रुपये कमी केले. आम्ही नाहीं म्हटलें नाहीं. मग त्यानें तेलांचीं नांवें लिहून मागितलीं. आम्हीं एका कोऱ्या पुरवणीवर तीं लिहिलीं, आणि खालीं ब्रीदर साफ ठेवण्याचें लिहून दिलें. कागद घडी घालतां घालतां तो थांबला.

"सर, गिअरबॉक्सला चारच ना? पांच चांगलें नाहीं का?"

"चारच," आम्ही म्हणालों.