जेवल्याबिगर आणि विदाउट ईटिंग

आमच्या पैठणच्या राजाची व्याकरणावरून भर पाण्यात फजिती झाली होती. सोमदेवाने अकराव्या शतकात काश्मीरमध्ये ती गोष्ट कथासरित्सागरात नोंदवून ठेवली. प्रतिष्ठानचा, म्हणजे पैठणचाच, सातवाहन राजा राण्यांबरोबर जलक्रीडा करत होता. पाण्याच्या माऱ्याने दमलेली एक राणी संस्कृतात काहीतरी म्हणाली, त्यात ‘मोदकैः’ असा शब्द आला. ‘मा उदकैः’, म्हणजे पाण्याने नको, असं तिला म्हणायचं होतं. राजाला शब्द नीट फोडता आला नाही, त्याने मोदक मागवले. राणी हसली आणि राजाने अंथरूण धरलं. पुढे त्याच्या दरबारातला गुणाढ्य म्हणाला, व्याकरण सहा वर्षांत शिकवतो. तिथलाच शर्ववर्मा म्हणाला, सहा महिन्यांत. पैज लागली, शर्ववर्मा जिंकला आणि त्यातून कातंत्र व्याकरण जन्माला आलं, अशी आख्यायिका. हरलेला गुणाढ्य संस्कृत, प्राकृत आणि देशी या तिन्ही भाषा सोडून गेला आणि त्याने पैशाचीत बृहत्कथा लिहिली.

ही गोष्ट इतिहास म्हणून कोणी घेऊ नये. कातंत्र मात्र खरं आहे. बंगालमध्ये ते शतकानुशतकं शिकवलं गेलं, तिबेटीत उतरलं, त्याच्या पोथ्यांचे तुकडे मध्य आशियाच्या वाळवंटात सापडले. पाणिनीचा पसारा बाजूला ठेवून कामापुरते नियम सोप्या क्रमाने मांडायचे, ही त्याची रीत. मी पैठणला इंग्रजी शिकवते. माझ्यासमोर बसणाऱ्यांनाही घाईच असते. कुणाला बँकेची परीक्षा द्यायची असते, कुणाला एमआयडीसीतल्या मुलाखतीला जायचं असतं, कुणाला पर्यटकांना पैठणी विकायची असते. त्यांच्या वह्यांमध्ये वर्षानुवर्षं एक चूक न चुकता भेटते आणि ती थेट राजाच्या जातीची आहे: नामाला जोडून येणाऱ्या छोट्याशा शब्दाची.

‘आफ्टर एट’, ‘विदाउट टु टेल’, ‘फाँड ऑफ रीड’. इंग्रजीचा नियम असा की प्रीपोझिशनच्या पुढे नाम हवं. क्रियापद आणायचं असेल तर त्याला आयएनजी लावून नाम करा आणि मग बसवा. ‘आफ्टर लंच’ चालतं, म्हणून ‘आफ्टर ईटिंग’ चालतं. नियम एका ओळीचा आहे आणि सगळ्यांना पाठ असतो. तरी चूक होते. माझ्या मते चूक कुठून येते ते आपण मराठीत शोधत नाही, म्हणून ती जात नाही.

नाथषष्ठीच्या दिवसांत पैठणच्या कुठल्याही घरी जा, ‘जेवल्याबिगर जाऊ नका’ हे वाक्य ऐकल्याशिवाय सुटका नाही. आता हेच वाक्य एखाद्या पोराला इंग्रजीत सांगायला लावा. ‘डोन्ट गो विदाउट एट.’ हे ‘एट’ त्याने कुठून आणलं? ‘जेवल्या’मधल्या ‘ल्या’तून. मराठीत क्रिया आधी पुरी व्हायची असेल तर आपण ‘ल्या’ लावतो: जेवल्यावर, आल्यानंतर, केल्याशिवाय, पडल्यामुळे. ‘ल्या’ कानाला भूतकाळासारखा लागतो, कारण ‘जेवला, आला, केला’ हे त्याचेच भाऊबंद. मग पोरगं भूतकाळाचं रूप उचलतं आणि ‘आफ्टर केम’ लिहितं. ‘जेवण्याआधी’ला हीच मुलं ‘बिफोर एट’ सहसा लिहीत नाहीत, तिथे ‘बिफोर ईट’ लिहितात. चूक बदलते, कारण मराठी रूप बदललं. म्हणजे पोर आंधळेपणाने ठोकून देत नाही, ते इमानदारीने भाषांतर करतं. इंग्रजीला मात्र क्रिया पुरी झाली की व्हायची आहे याच्याशी इथे देणंघेणं नाही. ‘ण्या’ असो, ‘ल्या’ असो की ‘न सांगता’मधला ‘ता’ असो, छोट्या शब्दाच्या शेजारी ते एकच रूप ठेवतं: बिफोर ईटिंग, आफ्टर ईटिंग, विदाउट टेलिंग.

दुसरा अडसर शाळेनेच घातलेला आहे. आयएनजीची पहिली भेट होते ती चालू वर्तमानकाळात. ‘ही इज गोइंग’, तो जात आहे. तिथून मुलांच्या डोक्यात पक्कं बसतं की आयएनजी म्हणजे काहीतरी आत्ता चाललेलं. मग एखादी हुशार मुलगी विचारते, ‘मॅडम, जेवण तर झालं, मग त्याला आयएनजी कसा?’ शंका रास्त आहे. मराठीत ‘जात’ आणि ‘जाणे’ दिसायलाच वेगळे. इंग्रजीत दोन्ही कामांना एकच शेपूट.

याचा उपाय आपल्या घरातच आहे, त्याचं नाव सामान्यरूप. घोडा, पण घोड्यासाठी. शाळा, पण शाळेपासून. जाणे, पण जाण्याबद्दल. शब्दयोगी अव्यय लागायच्या आधी मराठी नामाला वाकावं लागतं, आणि क्रियापद आलं तर त्याला आधी नाम व्हावं लागतं. ‘जातोबद्दल’ असं पैठणमध्ये अजून कोणी म्हटलेलं नाही. म्हणजे इंग्रजीचा जो नियम आपण परका म्हणून घोकतो, तो मराठी पोर शाळेत जायच्या आधीपासून पाळतं. फरक जागेचा: मराठीचा छोटा शब्द मागून चिकटतो, इंग्रजीचा पुढे उभा राहतो. इंग्रजीतही नामाचं हे वाकणं पुरतं मेलेलं नाही. ‘ही’चं ‘फॉर हिम’ होतं, जसं ‘तो’चं ‘त्याच्यासाठी’. भाषाशास्त्राचे प्राध्यापक ‘हिम’ आणि ‘गोइंग’ यांना एका रांगेत बसवल्याबद्दल माझ्यावर रागावतील. रागावोत, वर्गात ते कामाला येतं.

मराठीवर भरवसा ठेवून जिथे फसायला होतं, ती जागा म्हणजे ‘साठी’. ‘मी धरण बघण्यासाठी आलो’ हे वाक्य आमची मुलं ‘आय केम फॉर सीइंग द डॅम’ करतात. व्याकरणाचा नियम पाळलेला आहे, तरी इंग्रजी कानाला ते खटकतं. माणूस कशासाठी आला, गेला, थांबला हे सांगताना इंग्रजीला ‘टु सी’ हवं. वस्तू कशाच्या उपयोगाची आहे हे सांगताना ‘फॉर’ आणि आयएनजी: जायकवाडीचं धरण पाणी साठवण्यासाठी आहे, इथे ‘फॉर स्टोअरिंग वॉटर’ छान बसतं. पैठणी विणण्यासाठी महिने लागतात, तिथे पुन्हा ‘टु वीव्ह’. पैठणी विणण्याचा माग मात्र ‘अ लूम फॉर वीव्हिंग’. मराठीचा एकच ‘साठी’ दोन वाटांनी जातो. हे एकदा दाखवलं की मुलं स्वतःच उदाहरणं शोधू लागतात.

आणि तो ‘टु’! नोकरीच्या अर्जांचा शेवट बघा: ‘लुकिंग फॉरवर्ड टु हिअर फ्रॉम यू.’ शिकलेली, पदवीधर, कधी कधी इंग्रजी घेऊन एमए झालेली माणसंही असं लिहितात. ‘टु’ दिसला की साधं क्रियापद, हे इतकं घोटलेलं असतं की हा ‘टु’ वेगळा आहे हे ध्यानातच येत नाही. पारख सोपी आहे. ‘टु’च्या पुढे नाम ठेवून बघा. ‘लुकिंग फॉरवर्ड टु दिवाळी’ म्हणता येतं ना? मग हा ‘टु’ प्रीपोझिशन आहे, पुढे ‘हिअरिंग’च हवं. ‘आय वॉन्ट टु दिवाळी’ म्हणता येत नाही, म्हणून तिथे ‘वॉन्ट टु गो’. हीच कसोटी ‘यूज्ड टु’ला लावा. ‘आय ॲम यूज्ड टु द हीट’, मला उन्हाची सवय आहे, म्हणून ‘आय ॲम यूज्ड टु वॉकिंग’. ‘ॲम’ काढलंत की गोष्टच बदलली: ‘आय यूज्ड टु वॉक’, मी पूर्वी चालायचो.

अपवाद आहेतच. ‘अबाउट टु गो’, म्हणजे निघतच होतो. ‘नथिंग बट वेट’, वाट बघण्यावाचून काही नाही. हे थोडे आहेत, भेटतील तसे लक्षात ठेवावेत. त्यांचा तक्ता करून पहिल्याच दिवशी फळ्यावर टांगणाऱ्यांशी माझं पटत नाही.

मराठीला शब्दयोगी अव्ययांचा विचार नवा नाही. दादोबा पांडुरंग तर्खडकरांचं मराठी व्याकरण 1836चं, मोरो केशव दामल्यांचं 1911चं. द्वारकानाथ रघोबा तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेने तर मराठी वाक्य पुढ्यात ठेवून इंग्रजी घडवायला शिकवलं, आणि घरोघरच्या कित्येकांचं इंग्रजी त्यावर पोसलं. 2000 साली महाराष्ट्रात पहिलीपासून इंग्रजी आलं. लहान मुलांना इंग्रजी कानावर पडून यावं, हे ठीकच आहे. पण त्याबरोबर सगळ्याच वयाच्या वर्गांतून भाषांतर हा शब्द जुनाट ठरला, इंग्रजी इंग्रजीतूनच, असा दंडक आला. ज्या घरात दिवसभर इंग्रजी बोललं जातं तिथे तो चालेल. आमच्याकडे पंधरा वर्षांच्या मुलाच्या डोक्यात भाषांतर होतच असतं, मास्तरांनी डोळे मिटले म्हणून ते थांबत नाही. चोरून होण्यापेक्षा ते फळ्यावर झालेलं बरं.

इंग्रजीच्या शिक्षकांना एवढंच सांगणं: आठवीच्या वर्गात एक तास काढा. फळ्याच्या डाव्या बाजूला मुलांकडूनच ‘ण्या’, ‘ल्या’ आणि ‘न…ता’ची रूपं काढून घ्या, त्यांच्या बोलीतली, ‘बिगर’सकट. उजवीकडे इंग्रजी लिहा. आणि मराठीत बोलल्याबद्दल दंड घेणाऱ्या शाळांनी तेवढ्या तासापुरता तो माफ करावा.