रंग : क्रीम

मास्तरांनी रुमालाची घडी तळहाताखाली धरली आणि डिकीवरून हात फिरवायला सुरुवात केली. डावीकडून उजवीकडे, मग उलट, अगदी सावकाश. काचबिंदूमुळे समोरचं माणूस त्यांना आता आवाजावरूनच ओळखावं लागतं. पण पत्र्यातला खळगा शोधायला डोळे लागत नाहीत. "इथे," ते म्हणाले आणि बोट टेकवलं. त्यांच्या मुलाने तिथे खडूने गोल काढला. त्याला स्वतःला तिथे काहीच दिसत नव्हतं. लाकडी ठोकळ्याला 220 नंबरचा पॉलिश पेपर गुंडाळून त्याने हलके चार हात मारले. आजूबाजूचा पत्रा निस्तेज झाला आणि खडूच्या गोलात बशीएवढा भाग तसाच चकाकत राहिला. ठोकळा तिथे टेकलाच नव्हता.

नुसता हात पत्र्यावर अडखळतो, घामाने चिकटतो. मध्ये पातळ कापड असलं की तो सरकतो आणि चढउतार कळतात. जुने पेंटर त्यासाठी वर्तमानपत्राचा कागद वापरायचे. मास्तर रुमाल वापरतात, एवढाच फरक.

ही 2024 च्या फेब्रुवारीतली गोष्ट. रत्नागिरीहून पावसकडे जाणाऱ्या रस्त्यावरचं गाव, चिऱ्याचं घर, पुढे सारवलेलं खळं, आणि खळ्यात विटांवर चढवलेली 1984 सालची प्रीमियर पद्मिनी. चाकं काढून पडवीत रचलेली. बंपर, दिवे, दारांच्या मुठी, काचांची रबरं, सगळं सोडवून जुन्या चादरीवर ओळीने मांडलेलं. कुठला स्क्रू कुठला हे समजावं म्हणून प्रत्येक ढिगाखाली चिठ्ठी.

रंगाचं निमित्त पासिंगचं होतं. खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षं चालते आणि त्यानंतर दर पाच वर्षांनी गाडी आरटीओसमोर उभी करून नूतनीकरण करून घ्यावं लागतं. त्याची फी पूर्वी 600 रुपये होती, एप्रिल 2022 पासून ती 5,000 झाली होती. त्यावर पर्यावरण कर. वाहन निरीक्षक ब्रेक, दिवे, धूर बघतो आणि पत्राही बघतो. दारं खालून कुजलेली असतील तर गाडी परत पाठवतो. गॅरेजमध्ये डेंटिंग-पेंटिंगचे 45,000 सांगितले होते. मुलगा मिरजोळे एमआयडीसीतल्या कारखान्यात नोकरीला आहे. वडिलांच्या डोळ्यांची औषधं, मुलीची शाळा, घराचा हप्ता असं सगळं वजा जाता त्याच्याकडे गाडीसाठी 10,000 रुपये उरत होते. म्हणजे काम घरीच करायचं. या घराला ते नवीन नव्हतं.

मास्तरांनी ही गाडी 1991 मध्ये मुंबईहून सेकंडहँड आणली. पद्मिनी म्हणजे मुंबईचीच लेक. वालचंद हिराचंद यांनी 1944 मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्सची स्थापना केली, आणि कुर्ल्याच्या कारखान्यातून आधी फियाट 1100 आणि पुढे तिचीच भारतीय आवृत्ती बाहेर पडत राहिली. 1974 पासून तिचं नाव चितोडच्या राणीवरून पद्मिनी झालं. 1089 सीसीचं इंजिन, स्टिअरिंगला गिअर, पुढे सलग बाकासारखी सीट. परवाना राजच्या काळात नवीन गाडीसाठी लोक वर्षानुवर्षं नंबर लावून बसत, त्यामुळे सेकंडहँड गाडीलाही मान असे. गावात त्या वेळी एसटी, दोन जीपगाड्या आणि ही. मुलगा तेव्हा तीन वर्षांचा होता. आरसी बुकात रंगाच्या रकान्यात एक शब्द होता : क्रीम. रंग बदलला तर तो आरटीओत कळवून बुकात चढवून घ्यावा लागतो, वर कागद आणि खेपा. म्हणून मास्तरांनी पहिल्याच दिवशी ठरवून टाकलं की गाडीचं काहीही बदलेल, क्रीम बदलणार नाही.

पंधरा वर्षं पुरी झाली 1999 मध्ये. तोवर खारा वारा आणि चार महिन्यांचा पाऊस यांनी पत्र्यावर आपलं काम केलं होतं. पद्मिनीची दारं वरून कुजत नाहीत. दाराच्या तळाशी पाणी निघून जायला बारीक भोकं असतात, ती धुळीने बुजतात, काचेवरून आत उतरलेलं पाणी तिथेच साचतं आणि पत्रा आतून सडतो. बाहेर रंगाला फोड आलेला दिसतो, तोवर आत चाळण झालेली असते. वेल्डरने पट्ट्या मारून दिल्या. रंग मास्तरांनी स्वतः लावला, खिडक्यांच्या गजांना लावतात तो सिंथेटिक इनॅमल, ब्रशने.

ब्रशने गाडी रंगवायची म्हटल्यावर लोक आजही भुवया उंचावतात. त्यात कमीपणा काहीच नाही. आपल्याकडचे ट्रक कितीतरी वर्षं ब्रशनेच रंगत आले. मास्तरांनी शाळेचे फळे, बाकं, दारं रंगवली होती. रंग टर्पेंटाइनने जरा सैल करायचा, हात भरभर पसरायचा आणि ओला आहे तोवर शेवटचा हात एकाच दिशेने, ब्रशचं नुसतं टोक टेकवत, या कडेपासून त्या कडेपर्यंत न थांबता ओढायचा, हे त्यांना ठाऊक होतं. टपावर त्यांनी ते हात लांबीच्या दिशेने ओढले. अकरा वर्षांच्या मुलाकडे टाचणी दिली होती. अंगणातला आंबा मोहरला होता आणि मोहरावरचे तुडतुडे ओल्या रंगावर येऊन बसत होते. हे किडे मोहराचा रस शोषतात आणि चिकट गोड थेंब टाकतात. झाडाखाली उभी केलेली गाडी दोन दिवसांत चिकट होते आणि मग त्या चिकट्यावर काळी बुरशी धरते. मुलगा टाचणीच्या टोकाने एकेक तुडतुडा उचलत होता. रंगाला ओरखडा पडला की मास्तर म्हणायचे, "राहू दे रे, भरून येईल." आणि खरंच, इनॅमल हळू वाळत असल्याने तेवढा ओरखडा आपोआप मिटायचा.

इनॅमलचा गुण तोच आणि दोषही तोच. त्यातलं टर्पेंटाइन उडून गेल्यावर तेलाचा अंश हवेतला प्राणवायू घेऊन घट्ट होत जातो. याला तास नाही, दिवस लागतात. तोवर धूळ, किडे, आंब्याची पानं, सगळ्यांना तो आमंत्रण देत राहतो. आणि वर्षं गेली की पिवळा पडतो. 2004 च्या पासिंगला गाडी क्रीमच होती. पण साईसारखं क्रीम जाऊन तुपासारखं आलं होतं.

2009 मध्ये मुलगा एकवीस वर्षांचा होता आणि आता स्प्रे मारायचाच, असं त्याने ठरवलं. टायरच्या दुकानातून दोन दिवसांसाठी कंप्रेसर मिळाला. रंग एनसी, म्हणजे नायट्रोसेल्युलोज. या रंगाची गोष्ट सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. पूर्वी मोटारी ब्रशनेच रंगत आणि कारखान्यात त्या वाळायला आठवडे जात. 1920 च्या दशकात अमेरिकेत ड्यूपाँ आणि जनरल मोटर्स यांनी मिळून नायट्रोसेल्युलोजचा झटपट वाळणारा रंग आणला. त्याचं नाव ड्युको. नायट्रोसेल्युलोज हे स्फोटकांतल्या गनकॉटनचं सख्खं भावंड, आणि दादासाहेब फाळक्यांच्या काळातल्या सिनेमाची रिळंही त्याचीच बनत. ड्युको मोटारींवरून कधीच उतरला, पण आपल्याकडे सुतार कपाटाला गुळगुळीत रंग मारायचा असला की अजून विचारतो, "पॉलिश करू की ड्युको?"

एनसी वाळतो तो निव्वळ थिनर उडून गेल्याने, दहा-पंधरा मिनिटांत. पण ते थिनर जहाल असतं. पिकल्या केळ्यासारखा गोड वास येतो आणि खालचा रंग ते विरघळवू लागतं. मुलाला हे माहीत नव्हतं. त्याने ड्रायव्हरकडच्या दारावर पहिला हात मारला. रंग सुंदर बसला. दोघं बघत उभे राहिले. पाचेक मिनिटांनी दाराच्या मधोमध एक सुरकुती उठली, मग तिच्या बाजूला दुसरी, आणि बघता बघता दुधावरची साय फुंकर मारल्यावर गोळा होते तसं सगळं दार गोळा झालं. दहा वर्षांपूर्वीचं इनॅमल खालून उचललं गेलं होतं. पेंटर लोक यालाच 'रंग उचलला' म्हणतात. इनॅमलवर एनसी मारू नये, एनसीवर इनॅमल चालतं, हे पेंटरच्या हाताखालचं पोरही सांगू शकलं असतं. विचारायला कुणी गेलं नव्हतं.

मग दोन दिवसांचे आठ दिवस झाले. दारं, बॉनेट, मडगार्ड, डिकी, सगळीकडचं इनॅमल खरवडून पत्र्यापर्यंत काढलं आणि रेड ऑक्साइड मारलं. (रेड ऑक्साइडमधला लाल रंग म्हणजे लोहाचंच ऑक्साइड. गंज रोखण्यासाठी गंजाच्याच जातीची भुकटी लावतात, हे मुलाला फार उशिरा कळलं आणि अजूनही त्याला त्याचं नवल वाटतं.) मे संपत आला होता, हवा दमट झाली होती, आणि थिनर भराभर उडताना पत्रा गार होऊन त्यावर दमट हवेतलं पाणी धरत होतं. डिकीवर दुधाळ धुकं आलं ते पुन्हा घासावं लागलं. टपाची पाळी येईतो पैसे आणि ताकद दोन्ही संपले. टपावरचं जुनं इनॅमल घट्ट होतं. मास्तरांनी ते नुसतं घासलं आणि वरून इनॅमलचाच एक पातळ हात ब्रशने दिला. निरीक्षक टपावर चढून बघत नाही.

या वेळी, 2024 मध्ये, मुलाने आधी चौकशी केली. आज गॅरेजात मारतात तो दोन डब्यांचा पीयू रंग, एका डब्यात रंग आणि दुसऱ्यात हार्डनर. चमक आणि टिकाऊपणा यांत त्याला तोड नाही. पण त्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं. स्प्रेच्या धुक्यातून ते श्वासात गेलं की दम्यासारखा त्रास जडू शकतो, आणि एकदा जडला की पुढे थोड्याशा वासानेही उसळतो. बाहेरून हवा पुरवणारा मुखवटा असल्याशिवाय तो फवारू नये. खळ्यात, जिथे शेजारी वडील बसलेले असतात आणि मुलगी सायकल फिरवते, तिथे तर नाहीच. बजेट अपुरं नसतं तरी त्याने तो घरी मारला नसता. म्हणून पुन्हा इनॅमल. ब्रशऐवजी बारीक स्पंजचा रोलर आणि दुधापेक्षा जरा घट्ट एवढा पातळ केलेला रंग. पातळ सहा हात, दर दोन हातांनंतर एक दिवस सोडून 600 च्या पेपरने पाणी मारत घासणी. चार लिटर रंग, दोन लिटर प्रायमर, लांबीचा डबा, पेपर, टर्पेंटाइन, टेप, वेल्डरची मजुरी, सगळं 9,400 रुपयांत बसलं.

घासताना मुलगा टपाशी आला तेव्हा पेपर ओला होता आणि ऊन तिरपं होतं. 400 च्या पेपरखालून वरचा फिका थर उडू लागला आणि खालून पिवळ्या रेषा वर आल्या. लांबच लांब, एकमेकींना समांतर, पुढच्या काचेपासून मागच्या काचेपर्यंत, सागाच्या फळीवरच्या नसांसारख्या. 1999 मधल्या ब्रशच्या रेषा. ब्रशच्या केसांनी उठवलेले बारीक कंगोरे आधी घासले जात होते आणि मधल्या खाचांत नंतरचा रंग तसाच भरलेला होता. एका ठिकाणी रंगात रुतलेला ब्रशचा केस होता, पेराएवढा, किंचित वाकलेला. रेषा कुठेही तुटलेल्या नव्हत्या. मास्तर तेव्हा स्टुलावर उभे राहून एका दमात हात ओढत असणार. पाच फुटांचा टप, आणि ओला रंग वाळायच्या आत.

त्याने हे वडिलांना सांगितलं.

"सगळं काढून टाक," मास्तर लगेच म्हणाले. "पत्र्यापर्यंत जा. ते काम मला तेव्हाच पसंत नव्हतं. रेषा राहिल्या."

"बाबा, पण ते कुठेच सुटलेलं नाही. नखाने उकरून बघितलं."

"तुला दिसतंय ना ते? मग लोकांना पण दिसेल."

मुलाने रेझर ब्लेडने टपावर चौकटी काढल्या, मिलिमीटरच्या अंतराने सहा उभ्या, सहा आडव्या, वर सेलोटेप दाबून बसवली आणि झटक्यात ओढली. रंग किती घट्ट बसलाय हे तपासायची कारखान्यातली साधी रीत आहे ती, तो रोज नोकरीवर हेच करतो. टेप कोरी निघाली. एक कण नाही. पंचवीस वर्षं उन्हात, खाऱ्या वाऱ्यात, आणि दर मोहराला चिकट्याखाली राहिलेला रंग. टेप त्याने मास्तरांच्या हातात दिली. त्यांनी तिच्यावरून अंगठा फिरवला, पुन्हा फिरवला. "मग घास नुसता," ते म्हणाले. "घट्ट असेल तर कशाला काढतोस."

रंगकामातला नियमही हाच आहे, आणि या कामात जन्म गेलेली माणसं तो डोळे मिटून पाळतात : सुटा रंग कणभरही ठेवायचा नाही, घट्ट रंगाला पत्र्यापर्यंत खरवडायचं नाही. कारखान्यातला पहिला थर भट्टीत भाजलेला असतो, त्याच्या तोडीचं काही घरी होत नाही. पण हा नियम नसता तरी मुलाने त्या दिवशी रेषा ठेवल्या असत्या, हे तो उघड सांगतो. त्याने टप हाताने घासला, ठोकळा न घेता, कंगोऱ्यांचा माथा तेवढा जाईल इतकाच. मग प्रायमरचा एकच पातळ हात आणि वर बाकीच्या गाडीसारखे रोलरचे सहा.

नवा रंग पक्का व्हायला त्याने तीन आठवडे दिले. त्या दिवसांत संध्याकाळी आंब्याखाली जुनं धोतर बांधून गाडीवर मांडव केला, तुडतुड्यांसाठी. मग 1000 चा पेपर, मग कंपाऊंड, मग चिंध्यांनी हात भरून येईतो पुसणी. जवळून पाहिलं तर पत्र्यावर संत्र्याच्या सालीसारखा बारीक दाणा आहे. चार पावलांवरून तो दिसत नाही.

पासिंगच्या आदल्या संध्याकाळी मास्तर खळ्यात आले. हात धुऊन, रुमाल घेऊन. बॉनेटपासून सुरुवात केली, दारं, मडगार्ड, डिकी. बोलले काही नाहीत. टपाला हात पुरेना म्हणून मुलाने स्टूल धरलं आणि ते दोन पायऱ्या चढले. रुमाल पुढच्या काचेकडून मागे सरकत गेला. मध्येच थांबला. त्यांनी रुमाल काढून खिशात ठेवला आणि उघडी बोटं टपावर आडवी फिरवली, रेषांना छेद देत, पुन्हा पुन्हा.

"लागतायत अजून," ते म्हणाले.

"हो."

दुसऱ्या दिवशी आरटीओच्या आवारात निरीक्षकाने चासी नंबरचा पेन्सिलने घेतलेला छाप ताडून बघितला, हँडब्रेक ओढायला लावला, इंडिकेटर दोन्ही बाजूंचे लावून पाहिले, दाराच्या खालच्या कडेवर बोटाने टकटक केलं. मग कागदावर वाकून त्याने एकेक रकाना भरत आणला आणि मान वर न करता विचारलं, "रंग?"

"क्रीम," मागच्या सीटवरून मास्तर म्हणाले.