गाऊनची पाठ

आमच्या वेळी ऑपरेशन थिएटरची सकाळ ड्रमपासून सुरू व्हायची. स्टीलचा गोल डबा, अंगाला भोकं आणि त्यांवरून सरकणारी पट्टी. ऑटोक्लेव्हमध्ये ठेवताना भोकं उघडी, बाहेर काढल्याबरोबर बंद. आत १२१ अंश सेल्सिअसची वाफ, चौरस इंचाला १५ पौंड दाब. ड्रम ठासून भरला तर वाफ मधल्या घडीपर्यंत पोचत नाही, हे मला पुस्तकाच्या आधी ऑटोक्लेव्हवरच्या मामांनी सांगितलं. झाकण उघडल्यावर गाऊन दमट लागला तर अख्खा ड्रम परत जायचा. ओल्या कापडातून जंतू आरपार येतात, तिथे घाईची सबब चालत नसे.

गाऊन हिरव्या सुती कापडाचे. लाँड्रीतून आले की दुपारी आम्ही आणि मावशी घड्या घालायला बसायचो. प्रत्येक गाऊन आधी खिडकीच्या उजेडात धरायचा, विरलेला बाजूला काढायचा. घडी अशी, की उचलताना गाऊनची फक्त आतली बाजू हाताला लागावी. कारण हात कितीही घासला तरी कातडी निर्जंतुक होत नाही, खोलवरचे जंतू उरतातच. सगळी कवायत या एका गोष्टीभोवती फिरते. गाऊन गळ्याशी धरून टेबलापासून लांब उभं राहायचं, तो आपल्या वजनाने उलगडू द्यायचा, झटकायचा नाही. बाह्यांत हात घातले की थांबायचं. मागच्या नाड्या फ्लोअरची सिस्टर, म्हणजे निर्जंतुक कपडे न घातलेली, बांधणार. स्वतःच्या गाऊनची पाठ कुणालाच बांधता येत नाही. मोठ्यातल्या मोठ्या सर्जनलाही त्या वेळी मागे कुणीतरी लागतं, आणि मागे उभ्या असलेल्या बाईला सगळं दिसतं. आमच्या कामातलं हे मला सगळ्यात मोलाचं वाटत आलं आहे.

ग्लोव्ह्जची गोष्ट आजच्या मुलींना खरी वाटत नाही. वापरलेले ग्लोव्ह्ज आम्ही धुवायचो. हवा भरून पाण्याखाली दाबायचे, बुडबुडा आला की भोक सापडलं. मग ठिगळ, दोरीवर वाळवणं, पावडर, जोड्या जुळवणं, आणि मनगटाची कड बाहेर दुमडून कापडी पाकिटात. उघडा हात लावायचा तो फक्त त्या दुमडीला. एक ग्लोव्ह चढला की त्या हाताची बोटं दुसऱ्याच्या दुमडीत आतून सरकवायची. नवख्याचा अंगठा हटकून चुकीच्या बाजूला लागायचा आणि हेड सिस्टरचा आवाज यायचा, "अनस्टराईल झालं. बदला." समोर इंटर्न असो की ऑनररी सर्जन, आवाज तोच. आणि सर्जन बदलायचे, एक शब्द न बोलता.

रबरी ग्लोव्ह्ज शस्त्रक्रियेत आले तेच मुळी एका नर्सच्या हातांपायी. बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात कॅरोलाइन हॅम्पटन यांच्या हातांवर जंतुनाशक मर्क्युरिक क्लोराइडने पुरळ उठायचं. त्यांच्यासाठी सर्जन विल्यम हॉल्स्टेड यांनी १८८९-९०च्या सुमारास गुडइयर कंपनीकडून पातळ ग्लोव्ह्ज करवून घेतले. त्या ग्लोव्ह्जमुळे रुग्णही वाचतो, हे नंतर उमगलं.

आमच्या त्या दिवसांची आठवण कितीही प्यारी असली तरी सुती गाऊनची तरफदारी मी करणार नाही. सिझेरियनमध्ये गर्भजल कोपरापर्यंत भिजवून थेट कातडीला लागायचं. आजच्या न विणलेल्या कापडाच्या गाऊनमधून रक्त सहजी झिरपत नाही. ग्लोव्ह्जवरची पावडर गेली हेही उत्तम झालं. तिचे कण पोटात राहून गाठी धरायच्या, आतडी चिकटायची. अमेरिकेने तर जानेवारी २०१७पासून पावडरचे ग्लोव्ह्ज बंदच केले. आता हात बाहीबाहेर न काढता, बाहीच्या आतूनच ग्लोव्ह चढवतात, त्यामुळे उघडी कातडी ग्लोव्हजवळ येतच नाही. गाऊन पाठीवरूनही गुंडाळला जातो. तरी पाठ निर्जंतुक धरायची नाही, हा नियम तसाच आहे. निर्जंतुक म्हणायचं ते छातीपासून कमरेपर्यंतचा पुढचा भाग आणि कोपराच्या थोडं वरपर्यंतच्या बाह्या.

मात्र पाकीट उघडलं की काम झालं, असा एक समज हल्ली मुरलाय. तो मला बोचतो. फ्लोअरच्या सिस्टरला आता संगणकात नोंदी करायच्या असतात, इम्प्लांटचे स्टिकर चिकटवायचे असतात. गाऊन घालणाऱ्याकडे बघायला ती मोकळी नसते. दोन थिएटरांत मिळून एकच सिस्टर धावताना मी पाहिली आहे. घडी घालण्याचं काम यंत्राने घेतलं, ते घेऊ दे. बघण्याचं काम कुणी घेतलेलं नाही.

सगळ्यात जास्त घाई होते ती मध्येच ग्लोव्ह फाटतो तेव्हा. तो काढताना बाहीची कड पुढे सरकते. ती कड आता निर्जंतुक धरता येत नाही, म्हणून बाहीच्या आतून ग्लोव्ह घालण्याची पद्धत इथे चालत नाही. निर्जंतुक कपड्यातल्या दुसऱ्या कुणीतरी नवा ग्लोव्ह ताणून धरायचा, नाहीतर गाऊनसुद्धा बदलायचा. अजूनही कधीमधी नर्सिंगच्या मुलींना शिकवायला जाते, तेव्हा ग्लोव्हवर चमकणारी पावडर लावून हीच बदलाबदल करून घेते. मग अतिनील दिवा लावला की मनगटावर पट्टा उजळतो, कडेला बोट लागल्याचा. पुन्हा करायला सांगते, आणि या खेपेला शेजारच्या मुलीने मध्येच "बदला" म्हणायचं असतं. पहिल्यांदा ती पुटपुटते. मी तिला मोठ्याने म्हणायला लावते.