आमच्या लहानपणी घरी पोस्टकार्ड आले की ते मोठ्याने वाचून दाखवायचे काम माझ्याकडे असे. आजोबांचे डोळे अधू झाले होते. ते झोपाळ्यावर बसत, मी उंबऱ्यावर. पहिल्या दिवशी मी कार्डावर होते तसेच 'स न वि वि' असे वाचले. आजोबा हसले आणि म्हणाले, "अगं, टिंब दिसलं की तिथं दार आहे असं समजावं. उघडून आत बघावं."

मग एकेक दार त्यांनी मला उघडून दाखवले. सप्रेम नमस्कार विनंती विशेष. ती. स्व. म्हणजे तीर्थस्वरूप, अ. आ. म्हणजे अनेक आशीर्वाद, आणि कार्डाच्या कडेला उभे कोंबलेले ता. क. म्हणजे ताजा कलम. लग्नपत्रिकेतल्या चि. सौ. कां. चा उलगडा झाला तेव्हा तर मला फार मोठे झाल्यासारखे वाटले.

आपल्या मराठी माणसाला या आद्याक्षरांची मोठी हौस. पु. ल., वि. वा., ग. दि. मा. अशी नुसती अक्षरे उच्चारली तरी आपला चेहरा उजळतो. ही हौस आजची नव्हे. पेशवाईतल्या मोडी पत्रांत मुसलमानी तारखेच्या आधी नुसता 'छ' असतो. तो म्हणजे चंद्र. लिहिणाऱ्या कारकुनाला हे सांगावे लागत नव्हते आणि वाचणाऱ्यालाही विचारावे लागत नव्हते. आज मात्र मोडी शिकणाऱ्यांना अशा संक्षेपांच्या याद्या पाठ कराव्या लागतात. जाणणारी माणसे गेली आणि अक्षरे तेवढी मागे राहिली.

या हौसेपायी माझ्या हातून काय घडले ते आता सांगते.

आमच्या शाळेचे संकेतस्थळ आहे. त्यावरच्या सूचना लिहिण्याचे काम, मी कादंबऱ्या लिहिते म्हणून, माझ्या गळ्यात पडले. गेल्या वर्षी दहावीच्या वर्गात एक दृष्टिहीन मुलगा होता. बोर्डाच्या परीक्षेत अशा मुलांना लेखनिक घेता येतो, वेळही वाढवून मिळतो. पण त्यासाठी अर्ज वेळेवर जावा लागतो. मी सूचना लिहिली: 'लेखनिकाचे अर्ज दि. १० रोजी दु. २ पर्यंत मु. अ. यांच्याकडे द्यावेत. सो. वै. प्र. जोडावे.' लिहून झाल्यावर सुटसुटीत काम झाले म्हणून मी मनाशी खूशही झाले.

दहा तारखेला मुलगा अर्ज घेऊन आला. सोबत वैद्यकीय प्रमाणपत्र नव्हते. ते गावी, ट्रंकेत. वडील एस. टी. ने गेले आणि दिवेलागणीला परतले. मुख्याध्यापकांनी तोवर कार्यालय उघडे ठेवले म्हणून निभावले. एवढा वेळ मुलगा बाकावर गप्प बसून होता. मी त्याला जरा रागानेच विचारले, "सूचना वाचली नव्हतीस का रे?"

"वाचली होती, बाई. फोननं वाचून दाखवली. पण शेवटी तो 'सो', 'वै', 'प्र' असं काहीतरी म्हणाला. मला वाटलं, ते तुमच्या कार्यालयातलं असेल. माझ्यासाठी नसेल."

आणि ती सूचना साऱ्या शाळेत त्या एकट्यासाठी होती!

दुसऱ्या दिवशी आमच्या संगणकाच्या सरांनी मला यंत्रापुढे बसवले. पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणारी एनव्हीडीए नावाची एक व्यवस्था आहे. मायकेल करन या स्वतः अंध असलेल्या तरुणाने ती ऑस्ट्रेलियात २००६ साली सुरू केली. ती फुकट मिळते. मी डोळे मिटून माझीच सूचना ऐकली. प्रत्येक टिंबाशी आवाज ठेचकाळत होता. आपल्याकडे वाक्य संपले तरी टिंब आणि शब्द तोडला तरी टिंब. यंत्राने ओळखावे कसे? 'मा. मुख्याध्यापक' यातला मा. माननीय, 'मा. शाळा' यातला माध्यमिक. प्रा. म्हणजे प्राध्यापक की प्राथमिक? इ. म्हणजे इयत्ता, इत्यादी की इसवी? आपण संदर्भाने ओळखतो. यंत्राला कुणीतरी सांगावे लागते.

सांगण्याची सोय आहे, हे मला तेव्हा कळले. संकेतस्थळाची पाने ज्या एचटीएमएल भाषेत रचतात, तिच्यात संक्षेपासाठी 'एबीबीआर' नावाची खूण असते. संक्षेप त्या खुणेत ठेवायचा आणि त्याचे पूर्ण रूप तिथेच शीर्षक म्हणून लिहायचे. पूर्वी आद्याक्षरांच्या शब्दांसाठी 'अ‍ॅक्रोनिम' अशी वेगळी खूणही होती. पण कुठली कुठे वापरायची याचा घोळच फार, म्हणून ती पुढे मोडीत काढली. जगभरच्या संकेतस्थळांसाठी २००८ साली जे सुगम्यतेचे नियम निघाले, त्यांत संक्षेपाचे पूर्ण रूप कळण्याची काहीतरी सोय हवी असे कलम आहे. पण ते सगळ्यांत वरच्या, कडक पायरीवर ठेवलेले. बहुतेकजण तिथवर चढतच नाहीत.

मी हरखून म्हटले, "मग झालं तर! सगळीकडे ही खूण घालू या."

सर म्हणाले, "बाई, त्यातही गोम आहे. ते पूर्ण रूप माऊसचा बाण अक्षरांवर नेला की दिसतं. फोनवर बोट फिरवणाऱ्याला बाण कुठला? आणि वाचून दाखवणारा आवाज ते बहुधा आपण होऊन म्हणत नाही; त्याला तसं मुद्दाम सांगून ठेवावं लागतं."

म्हणजे दार होते, पण त्याची कडी डोळसांच्याच हाताशी!

"मग करायचं काय?"

"पहिल्यांदा पूर्ण लिहायचं. पुढं तोच शब्द वारंवार येणार असेल तर शेजारी कंसात संक्षेप द्यायचा, आणि मग खुशाल तो वापरायचा. खूण घाला, पण तिच्या भरवशावर राहू नका."

इतके सोपे! मला हसूही आले आणि शरमही वाटली. पोस्टकार्ड इवलेसे होते, जागा वाचवणे भाग होते. माझ्या सूचनेला जागेची काय कमतरता होती? मी वाचवली ती दहा-पंधरा अक्षरे आणि त्यासाठी एका बापाला दिवसभर धावायला लावले. संक्षेप ही जाणत्यांची आपसातली खूण असते. त्यात जिव्हाळा आहे, हे खरे. पण जो त्या बैठकीतला नाही, त्याला वाटते, हे आपल्यासाठी नाही. आणि तो विचारतही नाही, मुकाट्याने बाकावर बसून राहतो.

त्या मुलाला लेखनिक मिळाला. परीक्षा पार पडली. आता माझ्या सूचना लांबतात, कार्यालयातली मंडळी थट्टेने म्हणतात, "बाईंची कादंबरी आली!" येऊ दे. प्रत्येक सूचना मी आधी डोळे मिटून ऐकते आणि मगच पुढे पाठवते.

आजोबांपाशी उंबऱ्यावर मी होते, अडले की त्यांना विचारायला आणि त्यांनी विचारले की पुन्हा वाचायला. सगळ्यांच्याच उंबऱ्यावर कुणी बसलेले नसते. म्हणून या दिवाळीला तुम्हां सर्वांना, एकही अक्षर न गाळता: सप्रेम नमस्कार, विनंती विशेष.